मंद केल्यावर दिव्याचा रंग का बदलतो?

मावशीच्या हॉलमध्ये आठ डाउनलाइटर आहेत. दोन वर्षांपूर्वी डहाणूकर कॉलनीतल्या त्या फ्लॅटचं काम काढलं, तेव्हा पीओपीच्या सीलिंगमध्ये ते बसवले. भिंतीवरचं गोल बटण फिरवलं की मंद होतात. गेल्या महिन्यात त्यातले दोन गेले. वायरमनने त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, खोक्यावर तेच '3000' लिहिलेले दोन आणून बसवले. रात्री मावशीने टीव्ही बघायला दिवे मंद केले आणि लगेच मला फोन आला, "अरे, हे नवे दोन आजारल्यासारखे दिसतायत. बाकीचे पिवळे आणि हे गुलाबी. ये बघायला."

दुसऱ्या दिवशी वायरमनही आला होता. त्याने बटण पूर्ण फिरवलं आणि म्हणाला, "काकू, आता बघा. सगळे सेम आहेत की नाही?" होते. आठही दिवे अगदी एकाच आईची लेकरं. त्याने बटण उलटं फिरवलं, आणि प्रकाश कमी होत गेला तसे दोन दिवे हळूहळू वेगळे पडले. म्हणजे वायरमन खोटं बोलत नव्हता आणि मावशीचे डोळेही ठणठणीत होते.

घराचं काम काढलेल्या निदान चार जणांकडून मी हेच ऐकलंय. खर्च करून मंद होणारे दिवे घेतले, आणि मंद केल्यावर खोली उबदार वाटायच्या ऐवजी राखाडी, मळकट वाटते. किंवा दोन दिवे एका सुरात नसतात. 'एलईडी असाच असतो' म्हणून लोक सोडून देतात. तो असाच असावा लागत नाही, म्हणून हा लेख.

जुन्या बल्बला ही काळजी का नव्हती

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. तापायला लागलं की आधी काळपट लाल, मग नारिंगी, मग पिवळं, आणि फार तापलं तर पांढरट. उष्णता किती यावरच रंग ठरतो. जुन्या बल्बमधली तार म्हणजे तेच तापलेलं लोखंड, फक्त टंगस्टनचं. वीज कमी केली की तार कमी तापायची. त्यामुळे प्रकाश कमी व्हायचा आणि त्याच वेळी रंगही पिवळ्याकडून केशरीकडे उतरायचा. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या होत्या.

याच नात्यावरून रंगाचं मोजमाप आलं. तापलेल्या वस्तूचं तापमान केल्विनमध्ये सांगायचं, की तिचा रंग कळतो. याला रंगतापमान म्हणतात. मेणबत्ती साधारण 1900, जुना बल्ब 2700 ते 2800, आणि खोक्यावर 'कूल डेलाइट' म्हणून विकला जातो तो पांढराफटक प्रकाश 6500. आकडा मोठा तसा प्रकाश थंड, निळसर. नाव 'तापमान' आणि वाढलं की प्रकाश 'थंड', हा घोळ सगळ्यांचा होतो. भट्टी डोळ्यांपुढे ठेवली की होत नाही.

जुना बल्ब मंद केला की 2700 वरून 2000 च्या आसपास यायचा. म्हणजे समईच्या ज्योतीजवळ. आपल्या डोक्यात 'मंद प्रकाश म्हणजे ऊबदार प्रकाश' हे समीकरण पक्कं बसलंय ते तिथून. सूर्यही मावळताना तसाच, चुलीतला निखाराही तसाच. एलईडीने ही गाठ सोडली.

एलईडीचा पांढरा रंग मुळात पांढरा नसतो

डाउनलाइटरची दुधी काच काढली तर आत एक पिवळी टिकली दिसते. बंद दिव्यात ती हळदीच्या लेपासारखी दिसते. त्या लेपाखाली जी चिप आहे, ती निळा प्रकाश देते. अशी भरवशाची निळी चिप बनवण्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल आणि हिरवे एलईडी त्याच्या कितीतरी आधी होते, पण निळ्यावाचून पांढरा होत नव्हता.

निळ्या प्रकाशातला काही भाग पिवळ्या लेपातून तसाच बाहेर येतो, उरलेला लेप शोषून घेतो आणि पिवळा करून सोडतो. या लेपाला फॉस्फर म्हणतात. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. आजीच्या वेळी पिवळट पडलेलं धोतर निळीच्या पाण्यातून काढायचे, तसाच हा हिशेब. तुलना तंतोतंत नाही, पण सवय तीच: नीळ जरा कमी पडली की पिवळट, जरा जास्त झाली की निळसर झाक. लेप जाड असला तर प्रकाश वॉर्म, पातळ असला तर कूल.

म्हणजे एलईडीचा पांढरा हा तोल आहे. आणि तोल म्हटला की तो ढळू शकतो. लेपाची जाडी केसाइतकी बदलली तरी, चिपचा निळा किंचित सरकला तरी, आतली उष्णता वाढली तरी. मंद करताना यातल्या दोन गोष्टी नक्की बदलतात: चिपमधून जाणारा करंट आणि चिपचं तापमान.

मंद करायचे दोन मार्ग

सीलिंगच्या वर प्रत्येक दिव्यामागे एक छोटी पांढरी डबी असते. जुनी माणसं तिला अजून चोक म्हणतात, दुकानात तिला ड्रायव्हर म्हणतात. घरातली 230 व्होल्टची वीज चिपला झेपेल अशी करून देणं हे तिचं काम. दिवा मंद करायचा तर तोही हाच करतो, आणि त्याच्याकडे दोन युक्त्या असतात.

पहिली म्हणजे नळ बारीक करणं. चिपला जाणारा करंटच कमी करायचा. सरळ, शांत पद्धत. पण निळी चिप करंटबाबत हळवी असते. करंट कमी केला की तिचा निळा लांब तरंगाकडे, म्हणजे किंचित हिरव्याच्या दिशेने सरकतो. त्याच वेळी चिप थंड होते आणि थंड होण्याचा परिणाम उलट्या दिशेने ओढतो. फॉस्फरही या नव्या निळ्याला आणि नव्या तापमानाला वेगळी दाद देतो. या ओढाताणीत शेवटी रंग कुठे जाऊन थांबेल हे त्या चिपवर आणि त्या लेपावर ठरतं. काही दिव्यांत हिरवट, काहींत गुलाबीसर, आणि नीट जमवलेल्यांत जवळपास काहीच नाही.

दुसरी युक्ती म्हणजे नळ पूर्ण सोडायचा आणि धारेखाली ताट आडवं धरायचं, काढायचं, धरायचं, काढायचं. चिप पूर्ण करंटवर पेटवायची आणि विझवायची, सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा. दहा भागांपैकी एक भाग पेटलेली ठेवली तर प्रकाश एक दशांश. डोळ्याला उघडझाप दिसत नाही, फक्त मंद प्रकाश दिसतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. इथे चिप जेव्हा पेटते तेव्हा पूर्ण करंटवरच पेटते, म्हणून तिचा निळा जागचा फार हलत नाही. उष्णता कमी होते, तेवढाच फरक उरतो.

मग सगळ्यांनी पीडब्ल्यूएमच का वापरू नये?

रंगासाठी ती उजवी आहेच. पण उघडझाप संथ असली तर त्रास होतो. नुसत्या डोळ्यांना दिसली नाही तरी चालत्या पंख्याची पाती तुटक दिसतात, काहींचं डोकं दुखतं. 2015 साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने याबद्दल शिफारस काढली. तिचं सार असं की उघडझाप सेकंदाला साधारण 1250 वेळांच्या वर असेल तर धोका कमी, आणि 3000 च्या वर गेली तर चिंताच नको. चांगले ड्रायव्हर त्याच्या वर चालतात. स्वस्तातले बरेच खाली राहतात. काही ड्रायव्हर दोन्हींचा मेळ घालतात: सुरुवातीला करंट कमी करत जायचा आणि अगदी तळाशी पीडब्ल्यूएमवर यायचं. मला ही तडजोड सर्वांत शहाणपणाची वाटते.

तुमच्या घरात कुठली युक्ती आहे हे शोधायला मोबाईल पुरतो. दिवा मंद करा, कॅमेरा चालू करून थेट दिव्याकडे किंवा त्याच्या खालच्या भिंतीकडे धरा. पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर प्रकाश उघडझाप करतोय.

मावशीच्या हॉलमध्ये मी तेच केलं. सहा दिव्यांखाली पडदा स्वच्छ. नव्या दोनांखाली गेलो आणि भिंतीवर सतरंजीसारखे पट्टे उमटले. वायरमनने एक नवा आणि एक जुना दिवा खाली ओढला, ड्रायव्हर शेजारी शेजारी धरले. नाव एकच, पण डबीचा आकार वेगळा, आतल्या पट्टीवरचा नंबर वेगळा. दोन वर्षांत कंपनीने त्याच मॉडेलमधला ड्रायव्हर बदलला होता. जुने नळ बारीक करत होते, नवे ताट धरत होते. फुल प्रकाशात दोघांचा नळ पूर्ण उघडा, म्हणून फरक नाही. मंद केलं की जुन्यांचा रंग हिरवट-पिवळ्याकडे सरकायचा, नव्यांचा जागेवर राहायचा, आणि शेजारी हिरवट असल्यामुळे तो गुलाबी भासायचा. आजारी म्हणून नावं नव्यांना ठेवली गेली. सरकत होते ते जुने.

'खोक्यावर 3000 लिहिलंय, मग रंग सारखाच हवा ना?'

हा प्रश्न वायरमननेच विचारला, आणि तो अगदी रास्त आहे. पण त्या आकड्यावर आपण त्याच्या लायकीपेक्षा जास्त भरवसा टाकतो.

एक तर तो गोल केलेला आकडा आहे. अमेरिकेतल्या ज्या मानकाचा जगभर आधार घेतला जातो, त्यात '3000' या गटाचा मध्य 3045 आणि त्याच्या आजूबाजूला 175 ची सूट आहे. म्हणजे 2870 चा दिवाही '3000' आणि 3220 चा दिवाही '3000'. हे दोन शेजारी लावले तर कोणालाही कळेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रंगतापमान फक्त पिवळा ते निळा एवढंच सांगतं. हिरवट आहे की गुलाबी, हे त्यात येतच नाही. सातारा आणि सोलापूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत म्हणून ती एक गावं होत नाहीत. तसेच दोन दिवे नेमके 3000 असूनही एक हिरव्या बाजूला आणि एक गुलाबी बाजूला असू शकतो. दिवा या दुसऱ्या दिशेने किती भरकटलाय त्याचंही माप आहे, डीयूव्ही नावाचं. शून्य म्हणजे तापलेल्या तारेच्या वाटेवर, अधिक म्हणजे हिरवट, उणे म्हणजे गुलाबी. घरगुती खोक्यावर ते जवळपास कधी छापलेलं नसतं, आणि नजरेला खटकतं ते मात्र नेमकं हेच. थोडं पिवळं-निळं आपण चालवून घेतो. चेहऱ्यावर हिरवी झाक आली की माणूस आजारी वाटतो.

फरक किती झाला की दिसतो?

कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड मॅकअॅडम यांनी हे 1942 साली मोजलं. एका माणसाला बसवून त्याच्याकडून सुमारे 25 हजार वेळा रंग जुळवून घेतले. समोर एक रंग, हातात बटण, दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत फिरवायचं. तो माणूस दर वेळी किती चुकतो हे रंगांच्या नकाशावर मांडलं तर प्रत्येक रंगाभोवती एक लंबगोल तयार झाला. हिरव्यात लंबगोल मोठे, निळ्यात अगदी बारीक. म्हणजे डोळा सगळ्या रंगांत सारखा चोखंदळ नाही.

आजही दिव्यांचा कारभार याच लंबगोलांवर चालतो. त्याच्या एका पटीला एक पायरी म्हणू या. दुकानात आणि कॅटलॉगमध्ये याला 'एसडीसीएम' म्हणतात. एका पायरीतला फरक कोणाला दिसत नाही. तीन पायऱ्यांपर्यंत बहुतेकांना कळत नाही. पाचच्या पुढे शेजारी लावलेले दिवे डोळ्यात भरायला लागतात. सात पायऱ्यांची सूट जुन्या मानकांनी दिलेली होती, आणि स्वस्त दिवे अजून तिथेच असतात.

कारखान्यात चिपा तयार झाल्या की धान्य पाखडावं तशा त्या रंगानुसार निवडून वेगवेगळ्या गटांत टाकतात. गट जितका अरुंद, तितकी चिप महाग. तीन पायऱ्यांचा दिवा महाग असण्याचं हे एक कारण. पण हे पाखडणं होतं ते ठरावीक करंटवर आणि ठरावीक तापमानावर. कॅटलॉगमधल्या 'तीन पायऱ्या' सहसा पूर्ण प्रकाशाच्या असतात. दहा टक्क्यांवर काय होईल, याचं वचन त्यात नाही.

'एवढं बारीक घरात कोण बघतं?'

मीही पूर्वी असंच म्हणायचो. एकच दिवा खोलीत असेल तर खरोखर कोणी बघत नाही. डोळा पाच मिनिटांत त्या रंगाला सरावतो आणि कागद पांढरा दिसू लागतो. पण एकाच पांढऱ्या भिंतीवर दोन दिव्यांचे झोत शेजारी पडले की डोळ्याला सरावायला जागा राहत नाही. तुलना समोर असते. आपल्याकडच्या सीलिंगची आवड अशी की भिंतीलगत ओळीने दिवे, खाली पांढरा किंवा ऑफ-व्हाइट रंग. फरक उघडा पाडायला याहून चांगली सोय नाही.

शिवाय डोळा प्रकाशाची मात्रा सरळ मोजत नाही. मीटरवर प्रकाश 10 टक्के झाला तरी आपल्याला तो साधारण 32 टक्के वाटतो. डोळ्याला दहावा हिस्सा वाटायला हवा असेल तर दिवा खरोखर 1 टक्क्यावर आणावा लागतो. म्हणजे मावशीला टीव्हीसाठी जो मंद प्रकाश हवाय तो ड्रायव्हरच्या क्षमतेच्या अगदी तळाशी आहे, आणि चुका तिथेच मोठ्या होतात. साधं गणित करून बघा. ड्रायव्हर पूर्ण प्रकाशाला 350 मिलिअँपिअर देतो आणि त्याच्यात 2 मिलिअँपिअरची चूक आहे. अर्धा टक्का, सोडून द्या. आता दिवा 2 टक्क्यांवर आणा. द्यायचे आहेत 7 मिलिअँपिअर, चूक तीच 2. जवळपास तीस टक्के.

आणि ज्यांना वाटतं की रंग तोच राहिला की प्रश्न मिटला, त्यांच्यासाठी एक अडचण. समजा दिवा इतका उत्तम आहे की मंद केल्यावरही 4000 चा 4000 राहिला. तरीही खोली राखाडी, उदास वाटेल. फिलिप्समधले क्रॉइटहॉफ यांनी 1941 साली हेच मांडलं होतं की अंधुक प्रकाशात माणसाला पिवळटपणा बरा वाटतो आणि भरपूर प्रकाशात पांढरेपणा. त्यांच्या आलेखाच्या नेमक्या रेघा पुढच्या प्रयोगांत टिकल्या नाहीत. पण रात्री मंद केलेल्या कूल व्हाइटखाली जेवून बघा, त्यांना काय म्हणायचं होतं ते कळेल.

'मग रंग बदलणाराच दिवा घेतो'

बाजारात त्याचे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून वेगळे सांगतो.

एकात वॉर्म आणि कूल अशा दोन प्रकारच्या चिपा असतात. ॲपवरून दोघींचं प्रमाण बदललं की मधला कुठलाही पांढरा मिळतो. कल्पना छान आहे, पण तिच्यात एक भूमितीची मेख आहे. तापलेल्या तारेचा रंग नकाशावर जी वाट धरतो ती वळणाची, हिरव्या बाजूला फुगलेली आहे. दोन चिपांचं मिश्रण मात्र सरळ रेघेतच जाऊ शकतं. जुना कात्रज घाट डोंगरावर चढून जातो आणि नवा बोगदा डोंगराच्या पोटातून सरळ. दोन्ही टोकांना रस्ते भेटतात, पण मध्यावर बोगदा घाटाच्या बराच खाली असतो. तसंच इथे मध्यावरचा पांढरा वाटेच्या खाली, म्हणजे गुलाबी बाजूला जातो. 2700 आणि 6500 इतकी लांबची टोकं घेतली तर तो गुलाबीपणा दिसतो. चांगले उत्पादक तिसरी, हिरवट चिप घालून रेघ वर उचलतात.

दुसरा प्रकार मंद होताना आपोआप ऊबदार होणारा. 'डिम टू वॉर्म' असं त्यावर लिहिलेलं असतं. यातही दोन रंगांच्या चिपा असतात, पण प्रमाण आपल्या हातात नसतं. प्रकाश कमी होईल तसा आतली रचना पांढरी चिप आधी विझवत नेते आणि अंबर, म्हणजे केशरट पिवळी, चिप मागे ठेवते. 2700 किंवा 3000 पासून 1800 पर्यंत, जुन्या बल्बसारखा उतार. घरच्या हॉलसाठी, जेवणाच्या टेबलावर, देवघराजवळ मी हाच सुचवतो. रंग स्थिर ठेवण्याचा अट्टहास इथे नाही. रंग बदलतो, पण सगळ्या दिव्यांत एकसारखा आणि हव्या त्या दिशेने.

रंगमंचावर हाच प्रश्न दसपट

पुण्यात हा विषय नाटकवाल्यांपेक्षा जास्त कोणी सोसलेला नसेल. बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उघडलं तेव्हापासून पुढच्या कित्येक पिढ्या तापलेल्या तारेच्या दिव्यांवर वाढल्या. शेवटच्या प्रवेशात पात्र एकटं उरतं, प्रकाश दहा सेकंदांत उतरत जातो, आणि अंधार होण्याआधी क्षणभर चेहऱ्यावर निखाऱ्यासारखा केशरी उरतो. तो केशरी कोणी दिवे चालवायच्या कन्सोलवर लिहिलेला नसायचा. तार थंड होताना देऊन जायची.

आता लाल, हिरव्या, निळ्या चिपांचे दिवे आलेत. त्यांत तीन चिपांचा तोल सांभाळायचा, आणि तिघींचे स्वभाव वेगळे. लाल चिप वेगळ्या पदार्थाची असते आणि उष्णतेने तिचा प्रकाश निळ्या-हिरव्यापेक्षा फार जास्त पडतो. तालमीत दिवा थंड असताना ठरवलेला केशरी, दुसऱ्या अंकात दिवा तापल्यावर लाल गमावून फिका पडतो.

त्यात फेडची, म्हणजे प्रकाश हळूहळू उतरवण्याची, अडचण वेगळी. दिव्यांना हुकूम देणारी डीएमएक्स ही भाषा 1986 साली ठरली आणि तिच्यात प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या आहेत. समजा केशरीसाठी लाल 255, हिरवा 120, निळा 20 ठेवलाय. दोन टक्क्यांवर उतरवा: लाल 5, हिरवा 2, निळा 0. अर्ध्या टक्क्यावर: लाल 1, हिरवा 1. लाल हिरव्याच्या दुपटीहून जास्त होता तो त्याच्या बरोबरीला आला. म्हणजे जिथे निखारा हवा, तिथे चेहरा हिरवट पिवळा होऊन एकदम काळोख. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण शेवट खटकतो. उपाय आहेत: एका रंगासाठी दोन वाहिन्या वापरून 65,536 पायऱ्या मिळवायच्या, किंवा आतच बारीक पायऱ्या करणारा दिवा घ्यायचा. चांगल्या दिव्यांत तापमान मोजणारा सेन्सरही असतो आणि कारखान्यात प्रत्येक दिव्याची मापं घेऊन तक्ता आत भरलेला असतो. लाल किती पडलाय ते बघून दिवा स्वतःच उरलेल्या दोघांना आवरतो. एकांकिका स्पर्धांमधल्या पोरांना असे दिवे परवडत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना एवढंच सांगतो की शेवटच्या फेडसाठी एक तरी जुना, तारेचा हॅलोजन मागून आणा.

'चांगल्या कंपनीचा घेतला की झालं ना?'

मावशीने चांगल्याच कंपनीचा घेतला होता. कंपनी चांगली असल्याने दिवे टिकतात, शॉक लागत नाही, पण दोन वर्षांनी आणलेला दिवा जुन्याशी जुळेल याची हमी नाही. मधल्या काळात जुन्यांचं वयही झालेलं असतं. फॉस्फर आणि पुढची प्लॅस्टिकची काच उष्णतेने बदलत जातात, तोल सरकतो. म्हणून लागणारे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या, आणि दोन जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवा. दोन दिव्यांचे पैसे जड वाटतात, पण पुढे आठ बदलण्यापेक्षा हलके पडतात.

तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही दिव्यांच्या दुकानात गेलात तर दिवा फुल लावून दाखवतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. "भाऊ, दोन शेजारी लावा आणि मंद करून दाखवा," म्हणा. खाली पांढरा कागद धरा, दहा टक्क्यांच्या आसपास आणा, मोबाईलने पट्टे बघा. एसडीसीएम तीन किंवा कमी आहे का विचारा. आणि तुमच्या भिंतीवरचा डिमर त्या ड्रायव्हरशी जुळतो का, हे कॅटलॉगमध्ये बघून घ्या. जुन्या बल्बसाठीचे डिमर काही किमान भार मागतात. एलईडी तेवढा भार देत नाही, मग लुकलुक आणि गुणगुण सुरू होते. पंख्याच्या रेग्युलेटरवर तर दिवा कधीच चढवू नका.

खोक्यावर 'सीआरआय 90' असेल तर चांगलंच, पण ती गोष्ट वेगळी. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचं ते माप. लक्ष्मी रस्त्यावर पैठणी घेताना ते उपयोगाला येतं. दोन दिवे एकमेकांशी जुळतील का, हे ते सांगत नाही.

मावशीच्या घरी नवं काही विकत घ्यावं लागलं नाही. हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये दोन दिवे होते, हॉलमधल्या जुन्यांच्याच लॉटचे आणि साध्या बटणावरचे. ते कधी मंद होतच नव्हते. वायरमनने स्टूल लावलं, पॅसेजचे दोन हॉलमध्ये आणि हॉलचे नवे दोन पॅसेजमध्ये अशी अदलाबदल केली. वीस मिनिटं लागली. मावशीने बटण तळापर्यंत फिरवलं, मान वर करून एकेका दिव्याखाली फिरली, आणि म्हणाली, "हां, आता एका घरातले वाटतात." सगळेच किंचित हिरवट-पिवळे, पण एकसारखे. निघण्याआधी मी जुन्या दिव्याच्या ड्रायव्हरवरचा लॉट नंबर मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवला.